समुद्रातल्या पवनचक्क्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्री पवनऊर्जेबद्दल येणारे बहुतेक प्रश्न पात्यांबद्दल असतात. प्रत्यक्षात काम अडतं ते त्याच्या बरंच खाली, म्हणजे पायाच्या जोडात, केबलमध्ये आणि कामाला मिळणाऱ्या शांत दिवसांच्या हिशेबात. त्यामुळे खालची काही उत्तरं लांबली आहेत आणि काही दोन-चार ओळींत संपली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जमिनीवर जागा असताना पवनचक्क्या समुद्रात का उभारायच्या?

वाऱ्यासाठी. समुद्रावर झाडं, डोंगर, इमारती नसल्यामुळे वारा जास्त वेगानं आणि जास्त एकसारखा वाहतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला ८ मीटरवरून १० मीटर झाला, म्हणजे नुसता पावपट वाढला, तरी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. दुसरं कारण अगदी व्यवहारातलं आहे. शंभर मीटर लांबीचं पातं घाटातल्या वळणावरून नेता येत नाही. बंदरालगत बनवून थेट जहाजावर चढवलं की तो प्रश्नच उरत नाही.

सुरुवात लहान होती. डेन्मार्कमधल्या विंडेबी इथे १९९१ साली ४५० किलोवॉटच्या ११ चक्क्या उभ्या राहिल्या, सगळ्या मिळून ५ मेगावॉट. आज एकच चक्की १५ मेगावॉटची असते.

२. १५ मेगावॉटची चक्की म्हणजे केवढी? ती सतत १५ मेगावॉट देते का?

पात्यांच्या चक्राचा व्यास साधारण २३६ मीटर, एकेक पातं ११५ मीटरच्या आसपास, आणि पात्याचं टोक पाण्यापासून २६०-२७० मीटर उंच.

सतत १५ मेगावॉट मिळत नाहीत. वारा सेकंदाला ३-४ मीटर झाला की वीज सुरू होते, ११ ते १३ मीटरला पूर्ण क्षमता गाठली जाते. त्यापुढे वारा कितीही वाढला तरी पाती कलती करून उत्पादन तिथेच धरून ठेवतात. २५ मीटरच्या आसपास चक्की थांबवतात. नव्या चक्क्यांत एकदम न थांबवता उत्पादन टप्प्याटप्प्यानं उतरवण्याची सोय असते. वर्षाचा हिशेब केला तर चांगल्या जागी पूर्ण क्षमतेच्या ४० ते ५० टक्के वीज हाती येते. ४५ टक्के धरले तर एका चक्कीचे वर्षाला साधारण ५ कोटी ९० लाख युनिट होतात.

'मग कार्यक्षमता निम्मीच म्हणायची' असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. हा आकडा वारा किती वेळ पुरेसा होता एवढंच सांगतो. कार्यक्षमतेची मर्यादा वेगळी: वाऱ्यातल्या शक्तीपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्केच कुठल्याही चक्राला काढून घेता येते. सगळी काढली तर वारा चक्रामागे तुंबेल.

३. किनाऱ्यावरून त्या दिसतात का?

हिशेब सोपा आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, ३.५७ नं गुणा. तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज. वाळूत उभ्या माणसाचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं, २७० मीटर उंच टोकाचं ५८-५९ किलोमीटरवर. दोन्हींची बेरीज ६३, म्हणजे त्यापुढे काही दिसणं अवघड. ४० किलोमीटरवरच्या चक्कीचा खालचा शंभरेक मीटर भाग क्षितिजाखाली जातो आणि वरची पाती तेवढी उगवल्यासारखी दिसतात. टेकडीवरून किंवा दहाव्या मजल्यावरून पाहणाऱ्याचा हिशेब अर्थातच वेगळा.

४. कुठल्या खोलीला कुठला पाया?

खोली ५०-६० मीटरपर्यंत आणि तळ वाळूचा किंवा घट्ट चिकणमातीचा असेल, तर एकच जाड पोलादी नळकांडं तळात ठोकतात. त्याला मोनोपाईल म्हणतात. व्यास ८ ते १० मीटर, वजन हजार ते दोन हजार टन किंवा त्याहूनही जास्त. तळ खडकाळ असेल किंवा खोली आणखी असेल तर तीन-चार पायांचा जाळीदार सांगाडा वापरतात, तो जॅकेट. साठ-सत्तर मीटरच्या पुढे तळापर्यंत पोलाद नेणं परवडत नाही, तिथे तरंगता पाया (प्रश्न १४).

खोलीइतकंच महत्त्व तळाच्या मातीला आहे. नकाशावर पाणी उथळ दिसलं म्हणून खूश होण्यात अर्थ नसतो. वीस मीटरखाली मऊ गाळाचा थर निघाला तर मोनोपाईल ठोकता ठोकता अचानक स्वतःच्याच वजनानं खाली घसरतं. हातोड्याखालचा आधार एका क्षणात जातो आणि क्रेनच्या दोरावर झटका बसतो. प्रत्येक चक्कीच्या जागी वेगळी भोकं घेऊन माती तपासतात ती यासाठीच.

५. मोनोपाईल ठोकतात म्हणजे नेमकं काय करतात?

आधी तळ तपासून घेतात. उत्तर समुद्रासारख्या ठिकाणी महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब आणि सुरुंग अजून पडलेले आहेत. मग पायाच्या जागी बारीक खडीचा थर टाकतात, कारण नळकांड्याभोवती प्रवाह भोवरे करतो आणि वाळू खरवडून नेतो. काही केलं नाही तर हा खड्डा नळकांड्याच्या व्यासाच्या सव्वापटीहूनही खोल जाऊ शकतो.

त्यानंतर जॅक-अप जहाज येतं. ते आपले पाय तळावर रोवून स्वतःला पाण्याबाहेर उचलून घेतं. नळकांडं आडवं असतं ते उभं करतात, पकडीत धरतात आणि हायड्रॉलिक हातोड्यानं ठोकतात. पहिले ठोके हलके, म्हणजे आसपासच्या सागरी प्राण्यांना दूर जायला अवधी मिळतो. उभेपणातली चूक अंशाच्या पाव-अर्ध्या भागापलीकडे चालत नाही. पुरतं ठोकून झाल्यावर ते सरळ करता येत नाही, त्यामुळे पहिल्या काही मीटरांतच हात थांबवून मोजमाप घेतात.

आवाज हा मोठा मुद्दा आहे. जर्मनीत ७५० मीटर अंतरावर पाण्याखाली १६० डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळायला तळावर भोकांचा पाइप गोलाकार अंथरून त्यातून दाबानं हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा तयार होतो आणि आवाज त्यात विरतो. प्रवाह जोराचा असला की पडदा वाहून तिरका होतो, मग एकाऐवजी दोन कडी लावावी लागतात.

६. पाया आणि वरचा खांब एकमेकांना जोडतात कसे? जोड निसटत नाही का?

निसटला आहे, आणि एका-दोन जागी नव्हे. पूर्वीची पद्धत अशी: मोनोपाईलवर थोडं मोठं नळकांडं टोपीसारखं बसवायचं आणि मधल्या काही सेंटिमीटरच्या फटीत उच्च ताकदीचं सिमेंट मिश्रण भरायचं. या टोपीला ट्रान्झिशन पीस म्हणतात. दोन्ही नळकांडी सरळ आणि गुळगुळीत असत. लाटा आणि वारा खांबाला वर्षानुवर्षं डोलवत राहतात. त्या डोलण्यानं सिमेंटची पकड सुटली आणि २००९-१० च्या सुमारास युरोपातल्या अनेक प्रकल्पांत टोपी काही सेंटिमीटर खाली सरकल्याचं लक्षात आलं. सगळा भार बांधकामापुरत्या लावलेल्या आतल्या छोट्या आधारांवर (ब्रॅकेटवर) आला होता. ते तेवढ्यासाठी बनवलेलेच नव्हते.

उपाय म्हणून जुन्या जागी रबर-पोलादाच्या उशा बसवल्या. नव्या बांधकामात जोड निमुळता केला, किंवा पृष्ठभागावर वेल्डिंगचे उठाव दिले. आता बरेच जण सिमेंट टाळून थेट बोल्टचा जोड करतात. बोल्ट ७२ मिलिमीटर व्यासाचे, एका कड्यावर शंभराहून जास्त. त्यांचीही कटकट आहे: सुरुवातीचा ताण थोडा उतरतो, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासून आवळावे लागतात. कड्याच्या दोन पृष्ठभागांत मिलिमीटरभर फट राहिली तरी तिथले बोल्ट लवकर थकतात.

७. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजत कसं नाही?

गंजतंच, पण ठरवून दिलेल्या ठिकाणी. पाण्याखालच्या भागावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे लावतात. पोलादाच्या आधी ते झिजतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे लाटांच्या शिंतोड्यांचा पट्टा. कधी ओला कधी कोरडा, ऑक्सिजन भरपूर, आणि ठोकळ्यांचं संरक्षण तिथे पोचत नाही. तिथे जाड रंग आणि थोडं जास्तीचं पोलाद, एवढाच उपाय. खांबाचा खालचा भाग पिवळा असतो तो मात्र गंजासाठी नव्हे, जहाजांना दिसावा म्हणून. सर्वांत मोठ्या भरतीच्या रेषेपासून १५ मीटर उंचीपर्यंत पिवळा, असा संकेत आहे.

नळकांड्याच्या आतल्या बाजूनं अनेकांना चकवलं. आतली हवा बंद, म्हणून गंज चढणार नाही असं आधी धरलं गेलं. प्रत्यक्षात केबलच्या भोकातून पाणी आत-बाहेर होत राहिलं. मग आतही ठोकळे लावले, तर साचलेलं पाणी आम्लधर्मी झालं आणि विषारी वायू साठला. आत उतरण्याआधी हवा तपासणं सक्तीचं आहे ते यामुळे.

८. वीज किनाऱ्यापर्यंत येते कशी?

पाच-सहा चक्क्या एका केबलवर माळेसारख्या ओवतात. पूर्वी या माळा ३३ किलोव्होल्टच्या होत्या, आता ६६ च्या. त्यामुळे १५ मेगावॉटच्या पाच चक्क्या एका माळेत बसतात. सगळ्या माळा समुद्रातल्या उपकेंद्रावर येतात, तिथे दाब २२० किलोव्होल्टच्या आसपास चढवून जाड केबलनं वीज किनाऱ्यावर आणतात. किनारा ओलांडताना केबल उघड्यावर ठेवत नाहीत. वाळूखालून आडवं भोक पाडून त्यातून ओढून घेतात.

अंतर वाढलं की अडचण येते. समुद्री केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर, विद्युतभार साठवणारं साधन. प्रत्यावर्ती (एसी) वीज दर सेकंदाला पन्नास वेळा तो भरते आणि रिकामा करते. ८०-१०० किलोमीटरच्या पुढे केबलची बरीच क्षमता या भरण्या-उपसण्यातच जाते, म्हणून दूरच्या प्रकल्पांत दिष्ट प्रवाह (डीसी) वापरतात. इंग्लंडच्या पूर्वेला १३० किलोमीटरहून दूर असलेल्या डॉगर बँक प्रकल्पात तसंच आहे. पण नियमाला अपवाद आहे: तिथलाच हॉर्नसी १ प्रकल्प किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर असूनही प्रत्यावर्ती विजेवर चालतो. त्यासाठी वाटेत भर समुद्रात केबलची ही गरज भागवणारं वेगळं स्थानक उभारावं लागलं.

९. एवढी जाड केबल तुटते कशी? आणि दुरुस्त कशी करतात?

विमा कंपन्यांना विचारा, समुद्री पवनऊर्जेतले सर्वाधिक पैशांचे दावे केबलचे असतात. नांगर आणि तळ खरवडणारी जाळी ही नेहमीची कारणं. म्हणून केबल एक-दोन मीटर गाडतात. पण वाळूचे डोंगर तळावर सरकत असतात. आज दोन मीटर खाली असलेली केबल पाच वर्षांनी उघडी पडून दोन उंचवट्यांच्या मध्ये लोंबकळू शकते. तिसरी जागा म्हणजे केबल खडीवरून चढून नळकांड्यात शिरते ती. तिथे तिला प्लास्टिकचं कवच असतं, आणि ते नीट स्थिर नसेल तर प्रवाहाबरोबर दगडांवर घासत राहतं. खड्डा होऊ नये म्हणून टाकलेला दगड असा केबलच्या मुळावर येतो.

दुरुस्तीत आधी दोष कुठे आहे ते शोधतात. केबलमध्ये विजेचा ठोका सोडून तो परतायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतात. मग जहाज तिथे जातं, केबल उकरतं, कापतं, एक टोक वर घेऊन सीलबंद करतं, नंतर दुसरं टोक वर घेतं आणि मध्ये सुटा तुकडा जोडतं. जोड बंद, कोरड्या तंबूत करावा लागतो आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस समुद्र शांत हवा. दोन्ही टोकं डेकवर आणावी लागत असल्यानं केबल आधीपेक्षा लांब होते. ही जास्तीची लांबी बाजूला कमानीसारखी टाकून पुन्हा गाडतात. सुटी केबल आधीपासून गोदामात नसेल तर नवीन बनवून घ्यायला महिने जातात. सुटी केबल न ठेवणं ही महागात पडणारी काटकसर आहे.

१०. चक्रीवादळात काय होतं?

पाती वाऱ्याला धार दाखवतील अशी वळवतात, चक्र मोकळं सोडतात आणि वरचा भाग वाऱ्याच्या दिशेनं फिरवत राहतात. धोका नेमका इथे आहे. वादळात ग्रीड (वीज वाहून नेणारं जाळं) गेलं तर फिरवणारी मोटर बंद, आणि चक्रीवादळात वाऱ्याची दिशा काही तासांत पूर्ण पालटते. वारा बाजूनं आला की पात्यांवर मोजमापाबाहेरचा भार येतो. त्यामुळे अशा किनाऱ्यांवर फिरवण्यापुरता राखीव वीजसाठा हवाच. उष्णकटिबंधीय वादळांसाठी चक्क्यांचा वेगळा वर्गही २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात आला. त्यात दहा मिनिटांच्या सरासरीनं सेकंदाला ५७ मीटर वारा धरतात.

११. ग्रीड बंद पडलं तर या चक्क्या घरांना वीज देऊ शकतात का?

सर्वसाधारणपणे नाही. बहुतेक चक्क्या ग्रीडचा ठेका ऐकून त्यावर ताल धरतात, स्वतः ठेका धरत नाहीत. उलट थांबलेल्या चक्कीलाच वीज लागते: हवा कोरडी ठेवायला, दिव्यांना, तेल गरम ठेवायला. जर्मनीच्या रिफगाट प्रकल्पातल्या ३० चक्क्या २०१३ मध्ये उभ्या राहिल्या, पण केबलच्या वाटेत जुना दारूगोळा निघाल्यानं केबल रखडली. काही महिने चक्क्या डिझेल जनरेटरवर फिरवत ठेवाव्या लागल्या. लोकांनी यथेच्छ चेष्टा केली, पण खारट दमट हवेत बेअरिंग एका जागी उभं ठेवणं त्याहून महाग पडलं असतं.

उलट बाजूही आहे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनमध्ये आकाशातली वीज कोसळल्यावर हॉर्नसीचं उत्पादन एकदम ७३७ मेगावॉटनं उतरलं. त्याच वेळी एक गॅस केंद्रही बंद पडलं, ग्रीडची वारंवारिता ५० वरून ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली आणि दहा लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. चक्क्यांत बिघाड नव्हता. विजेचा दाब सावरणाऱ्या नियंत्रण प्रणालीनं झटक्याला चुकीचा प्रतिसाद दिला होता.

१२. एक चक्की दुसरीचा वारा खाते का?

खाते. म्हणून दोन चक्क्यांत चक्राच्या व्यासाच्या सहा ते दहा पट अंतर ठेवतात. १५ मेगावॉटच्या चक्कीला दीड-दोन किलोमीटर. रात्री किंवा थंड पाण्यावर हवेचे थर एकमेकांत मिसळत नाहीत, तेव्हा मंदावलेला वारा कित्येक किलोमीटर तसाच राहतो आणि शेजारच्या प्रकल्पालाही लागतो. शिवाय चक्क्यांच्या समोरचा वाराही थोडा अडतो. ऑर्स्टेड या मोठ्या कंपनीनं २०१९ मध्ये या दोन्ही कारणांनी आपले उत्पादनाचे अंदाज खाली आणले होते. शेजारी नंतर प्रकल्प झाला तर भरपाई कुणी द्यायची, याचं सर्वमान्य उत्तर अजून निघालेलं नाही.

१३. बिघाड झाला तर माणूस वर पोचतो कसा?

लहान बोट चक्कीच्या शिडीला नाक टेकवून इंजिनाच्या जोरावर दाबून धरते आणि तंत्रज्ञ पाऊल टाकतो. दीड मीटर लाटेपर्यंत हे जमतं. हा दीड मीटर म्हणजे सर्वांत उंच तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून येणारी एखादी लाट जवळजवळ दुप्पट असते, आणि अपघात तिच्यामुळे होतात. दूरच्या प्रकल्पांत मुक्कामी जहाज ठेवतात. त्याचा पूल लाटेबरोबर स्वतःला सावरतो, त्यामुळे अडीच-तीन मीटरपर्यंत ये-जा होते.

काम दोन तासांचं आणि वाट पाहणं दहा दिवसांचं, हे हिवाळ्यात नेहमीचं. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह प्रकल्पात २००२ मध्ये ८० चक्क्या बसल्या आणि ट्रान्सफॉर्मर-जनरेटरच्या दोषांमुळे २००४ मध्ये दुरुस्तीसाठी त्यांची यंत्रं किनाऱ्यावर आणावी लागली. जमिनीवर जे क्रेनच्या भाड्यात निभावलं असतं, त्याला समुद्रात जहाजांचा ताफा लागला.

१४. तरंगत्या चक्क्या खरंच चालतात का?

चालतात. स्कॉटलंडजवळ हायविंड प्रकल्पाच्या ६ मेगावॉटच्या पाच चक्क्या २०१७ पासून सुरू आहेत. खाली लांब, जड नळकांडं, आणि तीन साखळ्यांनी तळाशी बांधलेलं. अडचणीच्या जागा दोन: पाण्यात सतत वाकणारी केबल, आणि मोठी दुरुस्ती. एवढ्या खोलीत जॅक-अप जहाजाचे पाय तळाला पोचत नाहीत, म्हणून २०२४ मध्ये या चक्क्या सोडवून नॉर्वेच्या बंदरात ओढत न्याव्या लागल्या.

१५. पातं तुटलं तर?

टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो, त्यामुळे पावसाचे थेंबही पुढची कड खरवडतात. काही वर्षांत कडेवर खड्डे पडून उत्पादन घटतं. दोरावर लटकून तिथे लेप देतात, पण लेपाला कोरडी, उबदार हवा लागते, आणि समुद्रात तीच दुर्मिळ. अख्खं पातं तुटणं क्वचित घडतं. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइनयार्ड विंड प्रकल्पात १०७ मीटरचं पातं मोडलं आणि फोम, फायबरचे तुकडे जवळच्या नॅन्टुकेट बेटाच्या किनाऱ्यावर आले. कारण वादळ नव्हतं. कारखान्यात थर नीट चिकटलेले नव्हते.

१६. मासेमारी बंद होते का?

देशागणिक वेगळं. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार अशा बांधकामाभोवती जास्तीत जास्त ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र आखता येतं. ब्रिटनमध्ये काम संपल्यावर चक्क्यांच्या मधून मासेमारीला सहसा मुभा असते, बेल्जियममध्ये प्रकल्पाचा भाग बंद असतो. पण मुभा असली म्हणजे मासेमारी होतेच असं नाही. तळ खरवडणारी जाळी ओढणारा नाखवा केबल उघडी पडली असेल या भीतीनं (प्रश्न ९) आत शिरत नाही. खेकड्यांचे पिंजरे टाकणाऱ्याला तेवढी अडचण नसते. भरपाईच्या वाटाघाटीत हा फरक न करणारे पुढे कोर्टात भेटतात.

१७. पक्ष्यांचं काय?

काही पक्षी धडकतात, पण लाल गळ्याच्या पाणबुड्या पक्ष्यांसारखे काही जण सगळा परिसरच सोडून जातात, आणि ते मोजायला जास्त अवघड असतं. स्थलांतराच्या रात्री चक्क्या थांबवणं हा एक उपाय. नेदरलँड्सनं १३ मे २०२३ रोजी बोर्सेले आणि एग्मोंड इथे चार तास चक्क्यांचा वेग मिनिटाला दोन फेऱ्यांवर आणला होता. अंदाज दोन दिवस आधी देतात, म्हणजे ग्रीड चालवणाऱ्याला पर्यायी वीज बघता येते.

१८. लिलाव जिंकूनही प्रकल्प रद्द का होतात?

कारण जवळजवळ सगळा खर्च सुरुवातीलाच असतो. इंधन लागत नाही, पण पोलाद, जहाजं आणि कर्जाचं व्याज आधीच भरायचं असतं. ब्रिटनच्या पद्धतीत लिलावात ठरलेला दर बांधून देतात: समजा हजार युनिटला ७३ पौंड. बाजारभाव ५० असेल तर फरकाचे २३ कंपनीला मिळतात, १०० असेल तर २७ तिनं परत करायचे. बोली लावल्यापासून खरेदीपर्यंत दोन-तीन वर्षं जातात आणि त्यात व्याजदर चढले की गणित फसतं. २०२३ मध्ये ब्रिटननं कमाल दर २०१२ च्या किमतींत ४४ पौंड ठेवला आणि समुद्री चक्क्यांची एकही बोली आली नाही. पुढच्या फेरीत तो ७३ केल्यावर बोली आल्या.

१९. आयुष्य संपल्यावर काय करतात?

२५ ते ३० वर्षांनी उलट्या क्रमानं उतरवतात. मोनोपाईल मात्र सहसा उपटत नाहीत. तळाखाली एक-दोन मीटरवर कापून वरचा भाग नेतात. पोलाद आणि तांबं विकलं जातं, पाती मिश्र पदार्थाची असल्यानं त्रास देतात. विंडेबी २०१७ मध्ये उतरवलं, पण तिथे पाणी उथळ आणि चक्क्या लहान होत्या, त्यामुळे त्यावरून आजच्या प्रकल्पांचा खर्च काढता येत नाही. पायाभोवतीची खडी आणि गाडलेली केबल काढायची की ठेवायची, हे परवान्यातच लिहून घेतलेलं बरं. वाळू सरकली की ठेवलेली केबलही वर येते, आणि तोवर तिचा मालक कोण हे शोधावं लागतं.